फटफटीचे पासिंग

वसंत व्याख्यानमालेत मोटारसायकलीविषयी बोलायचे म्हटले की काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते, आणि ते स्वाभाविक आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळी, १८७५ साली, पुण्यात ही प्रथा सुरू झाली तेव्हापासून या व्यासपीठाला राज्यांचे उदयास्त, धर्मविचार, अर्थकारण अशा विषयांची सवय आहे. त्यातून आपले अमळनेर म्हणजे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढणारे गाव. अशा गावात ब्रेकच्या लायनरवर आणि मागच्या लाल दिव्यावर तासभर बोलणे म्हणजे थोडे धारिष्ट्यच म्हटले पाहिजे. तथापि ज्या वस्तूने आपला बाजार, शेताची फेरी, लग्नकार्य आणि दवाखाना या साऱ्यांचा हिशेब बदलून टाकला, तिच्या इतिहासाकडे पाठ फिरवून बसणेही बरे नव्हे. त्या इतिहासाचे एकच पान आज उघडावयाचे आहे. लोक ज्याला ‘पासिंग’ म्हणतात ते, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही याची सरकारी तपासणी. ही तपासणी कोठून आली, आणि तिच्यात फटफटी नापास होते ती कशाने, एवढाच प्रश्न.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. विलायतेत जुन्या मोटारसायकलीला दरवर्षी तपासणीस जावे लागते. आपल्याकडे खाजगी दुचाकीला वार्षिक तपासणी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची नोंदणी १५ वर्षे टिकते. मग गाडी निरीक्षकापुढे उभी करून नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे, आणि ते पुढे पाच-पाच वर्षांनी. वर्षा-दोन वर्षांनी पासिंगला जातात त्या मालमोटारी, रिक्षा, टॅक्सी, एस. टी.च्या गाड्या, भाड्याने माणसे किंवा माल वाहणाऱ्या. म्हणजे नवऱ्या मुलाला हुंड्यात मिळालेली फटफटी (कायद्याने हुंडा १९६१ सालीच बंद झाला आहे, पण ते दुसरे व्याख्यान) त्याचा मुलगा दहावीला जाईपर्यंत एकदाही कोणा परक्या माणसाच्या नजरेखालून जात नाही. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्याशी येऊन मिळतात.

आता मुळाकडे जाऊ. यंत्राची ठराविक मुदतीने सरकारी तपासणी करावी ही कल्पना रस्त्यावर जन्मली नाही. ती जन्मली कारखान्याच्या बॉयलरपाशी. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, आणि दुसऱ्याच वर्षी, १८६४ साली, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. जर्मनीत मानहाइम शहरी १८६५ साली एका दारूभट्टीतला बॉयलर फुटला, तेव्हा तिथल्या कारखानदारांनी १८६६ साली स्वतः मंडळ स्थापून आपले बॉयलर तज्ज्ञांकडून तपासून घेण्यास सुरुवात केली. जर्मनीत आज मोटारी तपासणाऱ्या ज्या ‘ट्यूफ’ संस्था आहेत, त्या अशाच बॉयलर मंडळांच्या वंशातल्या.

हे सांगण्याचे कारण असे की अमळनेरला बॉयलर परका नाही. प्रतापशेठजींची प्रताप मिल १९०६ ची. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, १९४५ ची. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने (त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे) सरकारी निरीक्षकाचा दाखला असल्याशिवाय बॉयलर पेटविता येत नसे, आणि त्या दाखल्याची मुदत १२ महिन्यांहून अधिक नसे. मालक म्हणू शकला असता की बॉयलर माझा, पैसा माझा, फुटला तर नुकसानही माझेच. कायद्याने उत्तर दिले की बॉयलर तुमचा असला तरी त्याच्या भिंतीपलीकडे झोपलेला मनुष्य तुमचा नव्हे. तपासणी या संस्थेचे सगळे तत्त्वज्ञान एवढ्यात आले. ती मालकाच्या हितासाठी नसते. मालकाला आपले हित बहुधा कळते. ती तिऱ्हाइतासाठी असते.

मोटारी आल्या तेव्हा हेच तत्त्व रस्त्यावर आले, पण फार सावकाश. हिंदुस्थानचा पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी होती, हाकणाऱ्याचा परवाना होता, बेफाम हाकण्याला शिक्षा होती. १९३९ साली नवा कायदा झाला आणि त्याच्या ३८ व्या कलमाने परिवहन वाहनांना ‘योग्यता प्रमाणपत्र’ सक्तीचे केले. लोकांच्या तोंडचे पासिंग ते हेच. याच कायद्यातील तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. विम्याच्या भाषेत त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. पहिला मालक, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता आणि जो आपल्या वाटेने चालला होता.

खाजगी दुचाकीकडे मात्र १९३९ साली फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्याबद्दल कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. तेव्हा फटफटी होतीच कोणाकडे? एखादा साहेब, एखादा डॉक्टर, एखादा हौशी जमीनदार. गाडी विलायती, मालक श्रीमंत, निगा राखणारा नोकर वेगळा. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया स्थापन होऊन बुलेट इथे जुळू लागली. मुंबईस मुलुंडला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा काढली. १९६० च्या सुमारास बजाजांची व्हेस्पा, १९६१ साली म्हैसूरची जावा, आणि त्याच्या आगेमागेच पोलंडच्या नमुन्यावरून बनविलेली एस्कॉर्ट्सची राजदूत. १९७२ साली पुण्याहून दोन गाड्या निघाल्या, बजाजची चेतक आणि फिरोदियांची लुना. एकीने मध्यमवर्गीय कुटुंबाला चाके दिली, दुसरीने ज्याला चेतक परवडत नव्हती त्याला. मग १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी, आणि दुधाच्या किटल्या, खताच्या गोण्या, कडब्याच्या पेंढ्या सायकलवरून व बैलगाडीवरून उतरून हळूहळू मोटारसायकलीवर चढल्या.

विलायतेत या सुमारास काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या कायद्याने तिथे जुन्या मोटारींच्या तपासणीची तरतूद झाली, आणि १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना, ती सुरू झाली. आरंभी तपासायचे ते तीनच : ब्रेक, दिवे आणि सुकाणू. १० वर्षांवरील गाड्यांनाच ती लागू होती, मोटारसायकलीही त्यात आल्या. कल्पना अशी की फार म्हाताऱ्या गाड्याच तेवढ्या धोक्याच्या असतील. पण नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की १९६१ सालीच १० ची मर्यादा ७ वर आणावी लागली आणि १९६७ साली ती ३ वर आली. दुसऱ्या वर्षी टायरही तपासणीत आले. जर्मनीने १९५१ पासून ठराविक मुदतीची तपासणी सक्तीची केली होती. तिथे मोटारसायकल दर दोन वर्षांनी जाते. या देशांना कळलेली गोष्ट एवढीच की गाडी म्हातारी झाल्यावर बिघडते असे नाही, ती पहिल्या दिवसापासून बिघडत असते, आणि मालकाला ते दिसत नाही.

का दिसत नाही, हा मोठा मनोरंजक प्रश्न आहे, आणि आमच्या विषयाचा गाभाही तोच. विलायतेतल्या सरकारी आकड्यांत मोटारसायकलीच्या दोषांत पहिला मान वर्षानुवर्षे दिव्यांचा आणि इशाऱ्यांचा असतो. मागून ब्रेक, सुकाणू व धक्के झेलणारे भाग, टायर. इंजिनाचे नाव या पंक्तीत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो निराळे सांगणार नाही. पासिंगसाठी आलेल्या गाडीला तो किक मारतो, पहिल्या किकेला इंजिन बोलते, आणि मग तो खाली बसून मागचा दिवा पाहतो. तो बंद असतो.

इंजिन बिघडले तर मालक शेतात अडकतो. त्याचा दिवस जातो, दूध नासते, चारचौघांत ढकलत आणावी लागते. म्हणून त्याची काळजी तो घरच्या माणसासारखी घेतो. मागचा दिवा गेला तर मालकाला काय होते? काहीच नाही. तो पुढे पाहून चालवितो. दिवा त्याच्या पाठीमागे आहे. तो दिवा त्याच्यासाठी लावलेलाच नाही, मागून येणाऱ्या मालमोटारीच्या ड्रायव्हरसाठी लावलेला आहे. ब्रेक दाबल्यावर पेटणारा दिवाही तसाच. त्याचा खटका पायाच्या ब्रेकपाशी एका बारीक स्प्रिंगला बांधलेला असतो. आमच्या काळ्या जमिनीचा चिखल पावसाळ्यात तिथे जाऊन बसतो, उन्हाळ्यात वाळून दगड होतो, स्प्रिंग तुटते. ती किती स्वस्त असते हे सांगण्याची गरज नाही. तरी ती वर्षानुवर्षे तुटलेली राहते. वळणाचा इशारा देणारे इंडिकेटर तर कडब्याच्या पेंढ्या बांधताना, गोठ्याच्या दारातून गाडी आत घेताना मोडतात, आणि एकदा मोडले की हात बाहेर काढून काम भागते. हातही बहुतेक वेळा निघत नाही.

जुन्या गाड्यांच्या दिव्याला एक जन्मखोडही होती आणि ती सांगितली पाहिजे, नाहीतर मालकावर अन्याय होईल. लुना, राजदूत, पहिल्या काळची चेतक यांची विजेची व्यवस्था सहा व्होल्टची, आणि पुष्कळ गाड्यांत पुढचा दिवा थेट इंजिनाच्या चक्रातल्या चुंबकावर चाले. इंजिन जोरात तर उजेड जोरात. खड्ड्यापाशी वेग कमी केला की, नेमका जेव्हा खड्डा दिसायला हवा तेव्हा, दिवा मिणमिणता होई. ज्या पिढीने अशा दिव्यावर गाडी चालविली तिला अंधारात अंदाजाने जाण्याची सवय लागली. पुढे १२ व्होल्टचे दिवे आले, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटू लागला, तरी सवय मात्र बापाकडून मुलाकडे आली. दिवा ही चैन आहे, गरज नव्हे, असे मानणारे लोक अजून आपल्यात आहेत. उलट आता नव्या तरुणांची तऱ्हा अशी की डोळे दिपविणारा पांढरा दिवा पुढे बसवायचा आणि मागे काळपट काच. पुढून येणारा आंधळा होतो आणि मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. असा दिवाही नापासच. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते.

कोणी म्हणेल, ब्रेकचे तसे नाही, ब्रेक तर चालविणाऱ्याला कळतो. कळायला हवा हे खरे. पण इथे माणसाच्या पायाची हुशारी आड येते. ढोलासारख्या जुन्या ब्रेकमध्ये दोन अर्धगोल पट्ट्या चाकाच्या आतल्या बाजूस घासतात. त्यांवरचा लायनर रोज केसाएवढा झिजतो. आज पाय एक सूत अधिक खाली जातो, महिन्याने आणखी एक सूत. पाय त्याच्याशी जुळवून घेतो आणि मनाला कळवीतही नाही. मग एखाद्या दिवशी नट आवळला जातो, पुन्हा काही महिने बरे जातात. असे करता करता नटाचे आटे संपतात, लायनर संपतो, आणि लोखंड लोखंडावर घासू लागते. मालकाला विचारले तर तो शपथेवर सांगतो की ब्रेक उत्तम आहे. त्याच्यापुरता तो आहेही, कारण आपली गाडी किती अंतरात थांबते हे त्याच्या अंगवळणी पडले आहे. त्याच गाडीवर शेजाऱ्याचा मुलगा पहिल्यांदा बसला की चौकात काय होते ते आपण पाहिलेले आहे. निरीक्षक हा असाच पहिल्यांदा बसणारा मनुष्य असतो. त्याचा पाय त्या गाडीला सरावलेला नसतो, म्हणून त्याला दोष सापडतो. यात त्याची विद्वत्ता नाही, परकेपणा आहे. आणि तपासणीला नेमका तोच लागतो. मोटारसायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत असा नियम आहे. पुढचा ब्रेक वापरला की गाडी उलटते, या समजुतीने आपल्याकडे अनेकांनी तो जन्मभर वापरलेलाच नसतो. त्यामुळे त्याची तार गंजून जागीच बसलेली असते आणि परीक्षेच्या दिवशी हलत नाही.

टायरचीही तीच कथा. दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, असा केंद्रीय नियम आहे. मोटारींना ही मर्यादा १.६ आहे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर फसवितो, कारण तो चालतो. आपला प्रदेश वर्षातले आठ महिने कोरडा. मृगाचा पहिला पाऊस पडून डांबरावरची धूळ आणि सांडलेले तेल यांचा लेप होतो, त्या दिवशी मात्र हिशेब चुकता होतो. त्यात आमचे ऊन. वैशाखात खानदेशात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो आणि गाडी दिवसभर बांधावर उभी. नक्षी शाबूत असूनही रबर ताठ होते, कडेला भेगा पडतात. मालक नक्षी दाखवितो, निरीक्षक भेग दाखवितो; अशा वादात निरीक्षकाची बाजू बरोबर असते.

हँडलच्या मानेत असलेल्या बेअरिंगांबद्दल, ज्याला मिस्त्री कोनसेट म्हणतात, थोडे बोलले पाहिजे, कारण मालकांना त्याचे नावही ठाऊक नसते. खड्ड्यांतून आदळून आदळून त्यात खाच पडते. हँडल सरळ रेषेत आले की त्या खाचेत अडखळते. पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलविली की ‘टक’ असा आवाज येतो. ती एक लहानशी टक म्हणजे गाडी डोलण्याची पूर्वसूचना होय. चेनची ढिलाई, चाकाच्या तुटलेल्या तारा, तेल गळणारे पुढचे शॉक, काढून ठेवलेले आरसे, न वाजणारा किंवा दहा सुरांत वाजणारा हॉर्न, हे सारे याच माळेतले मणी. प्रत्येकावर थांबण्याचे कारण नाही. आरशाबद्दल मात्र एवढे म्हणतो की तो केस विंचरण्यासाठी दिलेला नाही, हे आमच्या तरुण मित्रांना एकदा कोणीतरी सांगावयास हवे.

धूर आणि आवाज हे दोष तर निव्वळ दुसऱ्यांसाठीच. धूर मागे जातो, चालविणारा पुढे जातो. राजदूत, चेतक, यामाहाची आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलबरोबर तेलही जाळीत. तेल थोडे अधिक पडले की निळा धूर. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी धुरावर मर्यादा घातली. २००० सालच्या मार्चअखेरपर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या गाड्यांना ३.५ टक्के, आणि १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना याहून पुष्कळ कडक माप आहे. या मोजणीचे प्रमाणपत्र म्हणजेच पीयूसी. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकून गाडीला फटाक्यासारखा आवाज आणणे हा मात्र बिघाड नव्हे, उपद्व्याप आहे. तो झिजेने होत नाही, पैसे देऊन करून घेतला जातो.

उरले कागद आणि क्रमांक. पुष्कळ फटफटी यंत्राने पास आणि कागदाने नापास होतात. विमा संपलेला, पीयूसी संपलेली, कर थकलेला. गाडीचा रंग लाल आणि पुस्तकात काळा. इंजिन बदललेले आणि त्याची नोंद नाही. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे चेसिस क्रमांक. हा आकडा बहुतेक गाड्यांच्या मानेवर ठोकलेला असतो. त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावयाचा असतो. हँडलबरोबर फिरणाऱ्या तारा १५ वर्षे त्या आकड्यांवर घासतात. खताच्या गोण्यांतले क्षार गंज चढवितात. त्यावर रंगाऱ्याने लग्नसराईत लांबी भरून नवा रंग दिलेला असतो. आकडा उमटत नाही, आणि गाडी, जी गावातले शेंबडे पोरही ओळखते, सरकारच्या दृष्टीने अनोळखी ठरते. क्रमांकाच्या पाटीचेही तसेच. आकड्यांतून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ लिहिण्याची कला आपल्याकडे फार बहरली होती. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी नमुन्याची सुरक्षित पाटी सक्तीची झाली, नंतर महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावण्याचे फर्मान निघाले, आणि त्या कलेला उतरती कळा लागली. याचे फार दुःख करू नये.

हे सर्व ठाऊक असल्यामुळे पासिंगच्या आदल्या दिवशी गॅरेजात एक वेगळाच उद्योग चालतो. आरसे शेजाऱ्याच्या गाडीचे, टायर भावाच्या गाडीचे, इंडिकेटर मिस्त्रीच्या डब्यातले. गाडी एका दिवसापुरती नटते. सकाळी निघून धरणगावमार्गे जळगाव गाठायचे, ‘एमएच १९’ची पंधरा वर्षे पुढे वाढवून घ्यायची, संध्याकाळी परत येऊन ज्याचे त्याला देऊन टाकायचे. मिस्त्रीला यात अपराध वाटत नाही आणि मालकाला तर नाहीच. उसनवारीच्या या प्रथेला मी विनोदी म्हणू शकत नाही. भारत सरकारच्या २०२२ सालच्या अहवालात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेल्याची नोंद आहे. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के, आणि पायी चालणारी १९.५ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. हा पाचवा मनुष्य कोण? सखाराम महाराजांच्या परंपरेची दिंडी अमळनेराहून पंढरपूरला पायी जाते, तिच्यातला वारकरी तो असू शकतो. कामावरून परतणारी शेतमजूर बाई असू शकते. त्यांच्याजवळ पासिंगचा दाखला नसतो आणि विमाही नसतो. मागून येणाऱ्या फटफटीचा दिवा आणि ब्रेक हेच त्यांचे संरक्षण, आणि ते दुसऱ्याच्या मालकीचे.

मालकाचीही एक बाजू आहे, ती झाकून ठेवणे योग्य नाही. १५ वर्षांची फटफटी ज्याच्याकडे असते तो सहसा नवी घेऊ न शकणारा असतो. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० झाले, उशीर झाला तर दरमहा ३०० रुपये वेगळे. २०२५ च्या ऑगस्टात २० वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ते २,००० करण्यात आले. महाराष्ट्राने २०१० सालापासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर लावला तो निराळा. गाडीची बाजारात जी किंमत येईल तिचा मोठा हिस्सा दाखल्यातच गेला, तर लायनर आणि टायर यांसाठी खिशात काय उरणार? परिणाम असा की कित्येक मालक नूतनीकरणाच्या वाटेलाच जात नाहीत; गाडी गाव आणि शेत यांच्या दरम्यान, हमरस्ता टाळून, बिनकागदी धावत राहते. जी गाडी सर्वांत आधी तपासली पाहिजे ती तपासणीतून सर्वांत आधी निसटते. शुल्क वाढवून जुन्या गाड्या कमी होतील असे सरकारचे गणित दिसते. शहरात ते जमेल. खेड्यात त्याने गाड्या कमी होण्यापेक्षा दाखले कमी होण्याचा संभव अधिक.

आणि तपासणारा? त्याच्याकडेही न्यायालयाला पाहावे लागले. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन कार्यालयांतील पासिंग कसे उरकले जाते याची झडती घेतली, आणि ब्रेकची चाचणी घ्यावयाची तर २५० मीटरचा स्वतंत्र मार्ग हवा असा आदेश दिला. ज्या कार्यालयांत असा मार्ग नव्हता तिथले पासिंग थांबले, आणि जागा शोधण्याची धावपळ महाराष्ट्राने पाहिली. हा वाद मोठ्या वाहनांचा होता. पण गाडी चालवून पाहिल्याशिवाय ब्रेक कळत नाही, ही गोष्ट ठरविण्यासाठी १९३९ पासून पाऊणशे वर्षे आणि एक उच्च न्यायालय लागले, याचे आश्चर्य वाटते.

आता माणसाच्या जागी यंत्र येत आहे. २०२१ साली केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. महाराष्ट्रात असे केंद्र पहिल्याने नाशिकला उभे राहिले. तिथे चाक फिरत्या रुळांवर चढते आणि ब्रेकचा जोर काट्यावर उमटतो. दिव्याचा झोत किती उंच पडतो ते यंत्र मोजते. सायलेन्सरच्या तोंडाशी नळी बसते. ओळख, चहा आणि उसने आरसे यांपैकी पहिल्या दोहोंचा तिथे उपयोग नाही. फेरतपासणीतही जी गाडी नापास होते ती अपिलाचा मार्ग संपल्यावर आयुष्य सरलेली समजली जाते. भाड्याच्या वाहनांना या केंद्रांची सक्ती टप्प्याटप्प्याने, मुदतींवर मुदती वाढवीत, लागू होत आली आहे. १५ वर्षांची घरगुती फटफटी त्या रांगेत सर्वांत शेवटी उभी आहे.

तोपर्यंत विजेवर चालणाऱ्या दुचाकी पुष्कळ झालेल्या असतील, आज गल्लीबोळांत दिसतातच. त्यांना धूर नाही, सायलेन्सर नाही, पीयूसी नाही, टू-स्ट्रोकचे तेल नाही. निरीक्षकाच्या यादीतल्या काही ओळी आपोआप पुसल्या जातील. एक ओळ वाढवावी लागेल बहुधा. या गाड्यांचा आवाज पायी चालणाऱ्याला मागून ऐकूच येत नाही. बाकी दिवे, ब्रेक, टायर, कोनसेट, पाटी ही यादी जशीच्या तशी राहील, आणि मागच्या दिव्याचा खटका नव्या गाडीतही ब्रेकपाशीच असतो.